नकलाकाराने परवानगी कोणाकडे मागायची?

जपानी टीव्हीवर एक प्रसंग वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा घडवला गेला आणि प्रेक्षक प्रत्येक वेळी तितक्याच जोरात किंचाळले. नकलाकार रंगमंचावर उभा आहे. एखाद्या नामांकित गायकाचा पोशाख, तसाच विग, मायक्रोफोन धरायची तीच लकब. डोळे मिटून तो गातोय. पाठीमागून खराखुरा गायक, ज्याची नक्कल चालू आहे तोच, हातात दुसरा मायक्रोफोन घेऊन हळूच बाहेर येतो आणि गाण्याची पुढची ओळ उचलतो. प्रेक्षागृहात एकच गोंधळ. नकलाकाराला आधी वाटतं, आज आपण भलतेच रंगलोय. मग आवाज दोन झाल्याचं त्याच्या लक्षात येतं, तो वळून बघतो आणि पायांतलं त्राण गेल्यासारखा मटकन खाली बसतो.

फुजी टीव्हीने १९७३ साली नकलांची एक स्पर्धा सुरू केली. पुढे तिच्यातून हा प्रसंग घरोघरी पोचला. त्यात ठरवाठरवी असायची हे उघड आहे. खरा गायक काही रस्ता चुकून स्टुडिओत येत नाही. तरी पाहताना बरं वाटतं. चोर रंगेहाथ सापडला आणि मालकाने त्याला मिठी मारली, तसं काहीसं. माझं भांडण नेमकं या बरं वाटण्याशी आहे, कारण त्यात नकलाकार हा मुळात चोरच आहे आणि मालकाच्या दिलदारपणावर त्याची सुटका अवलंबून आहे, असं आपण न बोलता मान्य करून टाकतो. हेच गृहीतक आता टीव्हीच्या करमणुकीतून उठून कोर्टाच्या आदेशांत शिरू पाहतंय. कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाजाच्या प्रती काढायला सुरुवात केल्यापासून जपानपासून मुंबई-दिल्लीपर्यंत 'माझा आवाज, माझा चेहरा, माझी परवानगी' अशी मागणी जोर धरते आहे. यंत्राच्या बाबतीत ती मला शंभर टक्के मान्य आहे. हाडामांसाच्या नकलाकाराच्या बाबतीत अजिबात नाही. आणि दोघांना एकाच दोरीने बांधलं तर गळफास कोणाला बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

कोरोक्केचं उदाहरण घेऊ. खरं नाव ताकिगावा हिरोशी. जन्म १९६० चा, क्यूशू बेटावरच्या कुमामोतोतला. आईने एकटीने वाढवलेला मुलगा. शाळेत असतानाच कानाच्या दुखण्यात उजव्या कानाने ऐकू येणं बंद झालं, म्हणजे पुढे लोकांच्या लकबी टिपून ज्याने पोट भरलं त्याचा एक कान निकामी होता. विशीच्या आतबाहेर तो तोक्योला आला आणि १९८० मध्ये निप्पॉन टीव्हीवरच्या नवोदित विनोदवीरांच्या कार्यक्रमातून लोकांना दिसला. नाव घेतलं तेही तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणाऱ्या तळलेल्या बटाट्याच्या पदार्थाचं. सुरुवातीला तो गातही नसे. मूळ गायकाची रेकॉर्ड वाजायची आणि हा फक्त ओठ हलवायचा, मान वेळावायचा, डोळे फिरवायचा. आवाज पूर्णपणे दुसऱ्याचा, आणि तरी लोक हसून लोटपोट व्हायचे ते याच्याकडे बघून. मग त्यात त्याचं स्वतःचं काय होतं, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने नक्कल नीट पाहिलेली नाही.

चांगला नकलाकार सारखेपणा विकत नाही. सारखेपणा ही प्रवेश फी. खेळ पुढे सुरू होतो. एन्का, म्हणजे भावविवश जपानी गाणी, गाणारे इत्सुकी हिरोशी मूठ आवळून, डोळे बारीक करून, प्रत्येक ओळ छातीतून ढकलत गातात. कोरोक्केने त्या आवळलेल्या मुठीत एक बिघडलेलं यंत्र पाहिलं आणि इत्सुकींचा यंत्रमानव केला. मूठ वर जाते, अडकते, झटका खाऊन खाली येते, मान टप्प्याटप्प्याने वळते, गाणं मात्र चालूच. इत्सुकी हिरोशी आयुष्यात कधी यंत्रमानव नव्हते. ही गोष्ट त्यांच्याकडून चोरलेली नाही, कारण ती त्यांच्याकडे नव्हतीच. ती कोरोक्केची आहे. त्याच फुजी टीव्हीच्या स्पर्धेत परीक्षकांच्या खुर्चीत हारी सुनाओ हे व्यंगचित्रकार बसत, हे मला फार योग्य वाटतं. नाक दोन इंच लांब काढणाऱ्या व्यंगचित्रकाराला कोणी 'नाकाच्या मालकाचं पत्र आणलंय का' असं विचारत नाही.

त्याच खुर्च्यांत आवाया नोरिको याही असत. जन्म १९०७ चा, ब्लूजची राणी म्हणून नावाजलेल्या, युद्धकाळात सरकारने सगळ्या बायकांना जाडेभरडे कामकरी पायजमे घालायला लावले तेव्हाही झगझगीत गाऊन आणि ओठांना लाली लावून सैनिकांपुढे गाणाऱ्या. त्यांना नुसता आचरटपणा खपत नसे. शिमिझु आकिरा नावाचा नकलाकार चेहऱ्याला सेलोटेप लावून नाक-डोळे ओढायचा, वर चावट विनोद करायचा. आवायाबाईंचा चेहरा आणि त्यांनी दिलेले गुण दोन्ही कडू. मला हे दृश्य आवडतं. नकलेवर अंकुश हवाच असेल तर तो असा हवा: समोर बसलेल्या जाणकार बाईने नाक मुरडावं, कमी गुण द्यावेत. वकिलाच्या नोटिशीने नव्हे.

आता मिकावा केन्इचींकडे येतो, कारण परवानगीवाद्यांना अडचणीत टाकणारं याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मिकावा १९६०च्या दशकात पुढे आलेले गायक. १९७२ मध्ये त्यांचं वृश्चिक राशीच्या बाईवरचं गाणं गाजलं. पुढे अमली पदार्थांच्या प्रकरणात १९७७ आणि १९८४ अशी दोनदा अटक झाली आणि कामं आटली. जपानमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री एनएचके या सार्वजनिक वाहिनीवर गायक-गायिकांचा मोठा सामना होतो, 'कोहाकु' म्हणतात त्याला. तिथलं बोलावणं बंद झालं की माणूस जवळपास 'होता' या सदरात जमा होतो. मिकावा तसे जमा झाले होते. ऐंशीच्या दशकात कोरोक्केने त्यांना उचललं: अर्धवट मिटलेल्या पापण्या, एका बाजूला खेचलेले ओठ, खुर्चीत बसून दुनियेवर नाराज असल्यासारखा सूर. लहान पोरं शाळेत मिकावाची नव्हे, कोरोक्केच्या मिकावाची नक्कल करू लागली. मग मिकावा स्वतःच त्याच्या मागून रंगमंचावर आले. आणि १९९१ मध्ये, १७ वर्षांच्या खंडानंतर, त्यांना कोहाकुचं बोलावणं आलं. पुढची कित्येक वर्षं त्यांचे आणि कोबायाशी साचिको यांचे अवाढव्य पोशाख हे त्या रात्रीचं एक आकर्षण होऊन बसलं.

कल्पना करा, कोरोक्केला आधी परवानगी मागावी लागली असती. बाजारातून उठलेल्या, आधीच बदनामीने पोळलेल्या माणसाकडे कोणीतरी येऊन म्हणतो, तुमच्या ओठांची आणि पापण्यांची टिंगल करायची आहे, सही द्या. कोण देईल? मी तर दिली नसती. आणि ती न देण्यात मिकावांचंच नुकसान झालं असतं.

पण हे उदाहरण दाखवून मी मोकळा झालो तर ती लबाडी होईल, कारण प्रत्येक नकलेचा शेवट असा गोड होत नाही. इवासाकी हिरोमी यांचं १९७८ चं एक डिस्को चालीचं गाणं आहे. कोरोक्केने त्यावर हनुवटी पुढे काढून असा काही धुमाकूळ घातला की गाणं त्याचंच झालं. गायिकेने ते स्वतःच्या मैफलीत सुरू केलं की श्रोते हसायला लागत. तुमच्या तरुणपणातलं एक गाणं कोणीतरी कायमचं विनोदी करून ठेवतो, ही थट्टेवारी नेण्यासारखी गोष्ट नाही. वर पैशांचा हिशोब बघा. टीव्हीवर गाणं वाजलं की कवीला आणि संगीतकाराला जासराक या संस्थेमार्फत मानधन पोचतं. ज्या चेहऱ्यावर, ज्या हनुवटीवर हशा पिकला तिच्या मालकिणीला त्या नकलेपोटी काही नाही. इवासाकींची बाजू मला पटते. तरीही मी म्हणेन, यावर उपाय परवानगी नव्हे. प्रसिद्धी ही लोकांच्या डोक्यात राहण्याची जागा आहे, आणि लोकांनी डोक्यात काय करावं यावर भाडेकराराच्या अटी घालता येत नाहीत. त्यांनी ते गाणं गात राहायचं होतं, आणि त्या राहिल्या.

मग रेघ मारायची कुठे? याचं उत्तर मला एका मुलीच्या गोष्टीत सापडतं. योकोहामातल्या मासळीवाल्याची ही मुलगी १९३७ सालची. युद्ध संपल्यावर भाजून निघालेल्या देशात कासागी शिझुको या गायिकेच्या बूगी-वूगी गाण्यांनी धमाल उडवली होती. हात्तोरी र्योइची यांच्या चाली, आणि कासागी रंगमंचभर उड्या मारत, ओरडत गायच्या. ही दहा-अकरा वर्षांची पोर हुबेहूब त्यांच्यासारखी गायची, नाचायची. लोक तिला 'छोटी कासागी' म्हणत. पुष्कळांना ते किळसवाणं वाटे. सातो हाचिरो या कवीने तर मोठ्या बाईसारखं गाणाऱ्या या पोरीवर वर्तमानपत्रातून झोड उठवली. १९४९ च्या सुरुवातीला तोक्योच्या निचिगेकी नाट्यगृहात तिला कासागींचं ठरवलेलं गाणं गाऊ दिलं गेलं नाही, दुसऱ्यावर भागवावं लागलं. १९५० मध्ये ती अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाली तेव्हा हात्तोरींच्या बाजूने मनाई आली: आमची गाणी तिथे गायची नाहीत. त्या मुलीचं नाव मिसोरा हिबारी. पुढची चाळीस वर्षं जपानची सर्वांत मोठी गायिका तीच होती.

या गोष्टीचा अर्थ सहसा असा लावतात की बघा, मोठ्यांनी उगवत्या कलाकाराला दाबायचा प्रयत्न केला. मला ती इतकी सरळ वाटत नाही. निचिगेकीतली मनाई मला चुकीची वाटते. तोक्योतल्या प्रत्येक प्रेक्षकाला कासागी कोण हे ठाऊक होतं. लहान मुलगी मोठ्या बाईची नक्कल करते आहे, यातच गंमत होती. मूळ बाई ठाऊक नसेल तर गंमतच संपली. अमेरिकेतली मनाई मात्र मला समजते. कासागी आणि हात्तोरी स्वतः त्याच सुमारास अमेरिकेला जाणार होते. हिबारी आधी जाऊन तीच गाणी गाऊन आली असती तर तिथल्या श्रोत्यांना कासागी हीच नक्कल वाटली असती. म्हणजे तक्रार सारखेपणाची नव्हती. एकीने दुसरीची जागा घेण्याची होती.

मला वाटतं, सगळा कायदा या फरकावर उभा करता येईल. नकलाकाराचा खेळ तेव्हाच जमतो, जेव्हा बघणाऱ्याला कळतं की ही नक्कल आहे. 'अरे, हुबेहूब!' या उद्गारात 'पण हा तो नाही' हे आधीच आलेलं असतं. फलकावर नाव कोरोक्केचं, तिकीट कोरोक्केचं. तोक्योच्या शिंजुकूमध्ये 'किसारा' नावाचं नकलाकारांचं प्रसिद्ध ठिकाण आहे. तिथे जेवता जेवता नकला बघायला जाणाऱ्या कोणालाही खरे गायक भेटतील अशी आशा नसते. फसवणुकीचं उलट. तिचा खेळ तेव्हाच जमतो, जेव्हा ऐकणाऱ्याला कळतच नाही. दोन्हींत आवाज सारखा असेल, पण धंदे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभे आहेत.

हाडामांसाचा माणूसही फसवू शकतो, हे खरंच. अमेरिकेत एका मोटार कंपनीच्या जाहिरातीसाठी गायिका बेट मिडलर यांनी गायला नकार दिला, तेव्हा जाहिरातदारांनी त्यांच्याच जुन्या सहगायिकेला बोलावून तोच आवाज काढायला लावला. १९८८ मध्ये अपील कोर्टाने मिडलर यांचा दावा मान्य केला, आणि बरोबर केलं. ऐकणाऱ्यांना मिडलरच गातायत असं वाटावं हाच तिथे हेतू होता. तेव्हा प्रश्न माणूस की यंत्र एवढाच नाही. फरक इतकाच की माणसाला फसवायचं तर मुद्दाम ठरवावं लागतं. यंत्राची प्रत निघते तीच वेगळी ओळखू न यावी म्हणून. तिला हनुवटी पुढे काढायची नसते. मुठीत बिघाड दिसायची तिला गरज नाही. (जपानी फोनभामट्यांना तर आवाजाचीही गरज पडली नव्हती. २००० च्या दशकात म्हाताऱ्या आजीला 'मी बोलतोय, मी' एवढं सांगून लाखो येन उकळण्याची साथ आली होती. आता त्याच भामट्याला नातवाचा आवाजही तयार मिळतो.)

आणि यंत्राने पहिली मोठी शिकार केली ती हिबारीचीच. ती १९८९ मध्ये ५२ व्या वर्षी गेली. ३० वर्षांनी, २०१९ मध्ये, एनएचकेने यामाहाच्या तंत्रज्ञानाने तिचा आवाज पुन्हा घडवला, नवं गाणं रचून घेतलं आणि ३१ डिसेंबरच्या कोहाकुत पडद्यावरची हिबारी ते गायली. गाण्याच्या मध्ये ती बोलतेसुद्धा: खूप दिवसांनी भेटलो, मी तुमच्याकडे सारखी बघत होते. प्रेक्षकांत कोणी रडलं, कोणाच्या अंगावर काटा आला. संगीतकार-गायक यामाशिता तात्सुरो यांनी रेडिओवर एका शब्दात निकाल दिला: विटंबना.

लक्षात घ्या, इथे परवानगी होती. हिबारीचा दत्तक मुलगा, जो तिच्या नावाची कंपनी सांभाळतो, त्याने होकार दिला. एवढंच नाही, तो लहान असताना आईने त्याच्यासाठी गोष्टी वाचून टेप करून ठेवल्या होत्या, त्याही दिल्या. बोलण्याचा आवाज त्यांतूनही घडला. कागदोपत्री सगळं चोख. तरी काहीतरी बिनसलं, कारण ज्या बाईने 'मी तुमच्याकडे बघत होते' असं म्हटलं तिने ते कधी म्हटलं नव्हतं, आणि ते म्हणायचंय की नाही हे तिला विचारायची सोय नव्हती. दुसरीकडे, हिबारीची नक्कल करणाऱ्या नकलाकारांची जपानमध्ये कधी वानवा नव्हती. त्यांतल्या एकाच्याही तोंडून हिबारी परलोकातून बोलते आहे असं कोणाला वाटलं नाही. म्हणजे परवानगी असूनही एक गोष्ट खुपते आणि नसूनही दुसरी खुपत नाही. ज्या कसोटीवर दोन्ही निकाल उलटे लागतात ती कसोटी कामाची नाही.

जपानच्या न्यायालयांनी याबाबत बरंच शहाणपण दाखवलंय. प्रसिद्ध व्यक्तीच्या नावा-चेहऱ्यावरचा हक्क तिथे कोणत्या स्वतंत्र कायद्यात लिहिलेला नाही. तो निकालांतून घडला. पिंक लेडी या दोघी गायिकांच्या नाचाच्या तालावर वजन कसं कमी करावं, असा तीन पानी मजकूर एका महिला साप्ताहिकाने २००७ मध्ये त्यांच्या जुन्या १४ छायाचित्रांसह छापला. दोघींनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ ला तो फेटाळला आणि सांगितलं की त्या व्यक्तीची गिऱ्हाईक खेचण्याची ताकद वापरणं हाच केवळ हेतू असेल तर हक्कभंग. मजकुरात दुसरं काही सांगायचं असेल आणि चेहरा ओघाने आला असेल तर नाही. हे प्रकरण मुळात वाचकांनी गायिकांची नक्कल करण्याबद्दलचं होतं, हा योगायोग मला सुखावून जातो. लाखो जपानी पोरींनी आरशासमोर तो नाच केला होता. त्यांच्याकडे कोणी हिशोब मागणार होतं का?

त्याच देशाने १ जानेवारी २०१९ पासून अमलात आलेल्या कॉपीराइट कायद्याच्या दुरुस्तीने यंत्रांना शिकवण्यासाठी कोणाचीही कलाकृती वापरायची मुभा बऱ्यापैकी सैल हाताने देऊन टाकली, आणि मग ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या नामवंत ध्वनिकलाकारांना 'विनापरवानगी यंत्र-आवाज पुरे' अशी मोहीम काढावी लागली. त्यांचं म्हणणं साधं आहे: आमच्या आवाजाच्या प्रतीने चित्रपटांचं डबिंग, कार्टूनचे संवाद करू नका, आमच्या पोटावर पाय येतो. कासागींची अमेरिकेची तक्रार हीच होती.

आतापर्यंत मी गायकांबद्दलच बोललो, कारण जपानी टीव्हीची नक्कलही बहुतेक गायकांवरच थांबते. तिची ही मोठी उणीव आहे आणि सुरुवातीला सांगितलेल्या, 'खुद्द व्यक्तीचं आगमन' या गोडगोड प्रथेचा त्यात वाटा आहे, असं माझं मत आहे. ज्याला मागून बोलावून मिठी मारता येणार नाही त्याची नक्कल करायला वाहिनी कचरते. १९८८ मध्ये सम्राट हिरोहितो अंथरुणाला खिळले तेव्हा देशभर सण-समारंभ, करमणूक आवरती घेण्याची लाट आली. कार्यक्रम रद्द झाले, विनोदी कलाकारांची कामं गेली. अशा बेकार झालेल्यांनी एकत्र येऊन 'द न्यूजपेपर' नावाची मंडळी काढली आणि पंतप्रधानांपासून सगळ्यांच्या नकला सुरू केल्या. त्यांची एक नाटुकली एका फार थोर घराण्याबद्दल आहे. घराण्याचं नाव घेत नाहीत, घ्यायची गरजही नाही. नाट्यगृहात ती हाऊसफुल्ल चालते. टीव्हीवर दिसत नाही. कायद्याने बंदी नाही, फक्त कोणी दाखवत नाही.

परवानगीची अट आली की पहिला बळी जातो तो असा. गायक कदाचित हो म्हणेल, सत्ताधारी कशाला म्हणेल? आपल्याकडे तर याचे दाखले शोधायला लांब जायला नको. राजस्थानच्या श्याम रंगीला या तरुणाने २०१७ मध्ये एका हिंदी विनोदी स्पर्धेत पंतप्रधान मोदींची नक्कल केली. चित्रीकरण झालं, प्रक्षेपण झालंच नाही. जानेवारी २०१६ मध्ये किकू शारदा या नटाला टीव्हीवर गुरमीत राम रहीमची नक्कल केली म्हणून मुंबईतून उचलून हरयाणाला नेलं. गुन्हा धार्मिक भावना दुखावल्याचा. जामिनावर सुटले, बाबांनी समाजमाध्यमावर मोठ्या मनाने 'माफ' केलं. दीडेक वर्षाने तेच बाबा बलात्काराच्या खटल्यात दोषी ठरले. माफी देण्याचा अधिकार कोणाच्या हातात जातो, ते इथे दिसतं.

आणि याच मुंबई-दिल्लीत सध्या व्यक्तिमत्त्व हक्काच्या आदेशांचा हंगाम आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांच्या नाव, चेहरा, आवाजाला अंतरिम संरक्षण दिलं. 'झकास' म्हणण्याची त्यांची खास ढबसुद्धा त्यात आली. (ती ढब कोणाची म्हणायची, यावर लालबाग-परळच्या कुठल्याही चाळीत रात्रभर वाद घालता येईल.) जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजात काहीही गाऊन देणाऱ्या यंत्रांना चाप लावला, २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजालाही तसंच संरक्षण मिळालं. या दोन आदेशांवर माझा काडीचाही आक्षेप नाही. ज्या गळ्याने सात दशकं रियाझ केला त्याची प्रत कोणी ॲपमध्ये घालून विकत असेल तर ते थांबलंच पाहिजे.

काळजी आहे ती आदेशांच्या अंमलाची. असे आदेश अनेकदा अनोळखी प्रतिवादींविरुद्धही असतात, म्हणजे जो कोणी असं करेल त्याच्याविरुद्ध. अंमल करतात व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपन्या, आणि त्यांना काय काढावं याचा विचार करण्यापेक्षा सगळंच काढून टाकणं स्वस्त पडतं. न्यायालयांना फरक कळत नाही असं नाही. दलेर मेहंदींच्या प्रकरणात २०१० मध्ये त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या, गाणाऱ्या बाहुल्या विकण्याला दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई केली, पण त्याच निकालात हेही बजावलं की व्यंगचित्र, टिंगल, विडंबन यांना या हक्काच्या नावाखाली दडपता कामा नये. अनिल कपूर यांच्या आदेशातही विडंबनाच्या स्वातंत्र्याची दखल आहे. पण ती दखल असते निकालाच्या पोटात, आणि व्हिडिओ उडवणाऱ्या संगणकाला फक्त शेवटची ओळ कळते. गणपतीच्या मांडवात नाना पाटेकर आणि निळू फुले करून दाखवणाऱ्या, त्याचा व्हिडिओ टाकून महिन्याचे चार पैसे जोडणाऱ्या पोराकडे उच्च न्यायालयात जायला वकील नसतो. नईम सय्यद नावाच्या मुलाने मेहमूदची नक्कल केली तेव्हा मेहमूदनेच त्याला 'ज्युनिअर मेहमूद' हे नाव दिलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये गेला तोवर तो त्याच नावाने ओळखला गेला. छान गोष्ट आहे. पण मेहमूद तेवढ्या मोठ्या मनाचा नसता तर त्या पोराचं काय व्हायला हवं होतं?

म्हणून आपल्या संसदेने यावर कायदा केला, आणि आज ना उद्या करावाच लागेल, तर त्यात तीन गोष्टी सुरुवातीलाच स्वच्छ असाव्यात. एक, यंत्राने घडवलेला आवाज किंवा चेहरा असेल तर जिवंत व्यक्तीची स्वतःची लेखी संमती हवी. व्यक्ती गेलेली असेल तर वारसांना जुनं गाणं विकता यावं, तिच्या तोंडी नवं वाक्य घालता येऊ नये. दोन, माणसाने स्वतःच्या गळ्याने, स्वतःच्या अंगाने, स्वतःच्या नावाखाली केलेल्या नकलेला कोणाचीही संमती लागणार नाही. ऐकणाऱ्याला फसवण्याचा हेतू होता हे तक्रारदाराने सिद्ध करायचं. आणि तीन, अशी नक्कल काढून टाकायला लावणाऱ्याने आधी त्या नकलाकाराला म्हणणं मांडायची संधी द्यायची, चुकीची तक्रार निघाली तर त्याची बुडालेली कमाई भरून द्यायची. यांतल्या तिसऱ्या कलमाला चित्रपटसृष्टीतून सर्वांत जास्त विरोध होईल, असा माझा अंदाज आहे, कारण खर्च तिथेच पडतो.